धबधबा पाहताना वर पाहा



पावसाळा लागला की वर्गावर्गातून एकच मागणी सुरू होते, "गुरुजी, धबधबा बघायला कधी न्यायचं?" मागणी रास्त आहे. भूगोलाच्या पुस्तकात चार ओळींत उरकलेलं पाणी मुलांनी एकदा तरी कड्यावरून कोसळताना पाहावं. मीही पेशानं मास्तरच. या मागणीला मी आजवर नाही म्हटलेलं नाही. पण मुलांना न्यायच्या आधी जागा स्वतः पाहून यायची, हा माझा शिरस्ता. अशाच एका फेरीत मला जे शिकावं लागलं, ते आज तुम्हाला सांगतो.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात अकोले तालुका आहे. तिथं रतनगडाच्या डोंगरात प्रवरा उगम पावते. खाली शेंडी गावाजवळ तिला भंडारदऱ्याचं धरण अडवतं. या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. धरणामागं जो जलाशय पसरला आहे, त्याच्या काठाकाठानं वाट रतनवाडीच्या जुन्या अमृतेश्वर मंदिराकडे जाते. पावसाळ्यात या वाटेवर डोंगराच्या अंगाअंगावरून पाणी उतरतं. मोठ्या धबधब्यांना नावं आहेत. आम्ही निघालो होतो तो मात्र बिननावाचा. सडक सोडून तासभर आत चालल्यावर थेट तळ्याच्या काठाशी उतरणारा.

ऑगस्ट महिना होता. आम्ही तिघे शिक्षक एसटीतून उतरलो आणि पायवाटेला लागलो. भाताची लावणी आटपली होती. खाचरांतून पाणी एका बांधावरून दुसऱ्या बांधावर उड्या घेत होतं. वाटेत एक म्हातारबाबा भेटले. अंगावर घोंगडी, हातात काठी, गुरं पुढं घातलेली. आम्ही धबधब्याची वाट विचारली. त्यांनी वाट सांगितली नाही, आधी मान वर करून रतनगडाच्या माथ्याकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "चला, मी येतो संगं."

आमच्या डोक्यावर ऊन होतं. माथ्यावर काळा ढग बसला होता. आम्ही तो पाहिला, पण मनावर घेतला नाही.

धबधबा देखणा होता, यात शंका नाही. पाणी तीन पायऱ्यांनी उतरत होतं आणि शेवटच्या पायरीखालून सरळ तळ्यात शिरत होतं. या पायऱ्या कशा झाल्या, हे मुलांना जरूर सांगावं. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे. कठीण थर टिकतो, त्याखालचा मऊ थर झिजतो, आणि पाण्याला आपोआप पायरी मिळते. मी हा धडा मनात जुळवत प्रवाहातल्या एका मोठ्या धोंड्यावर जाऊन बसलो. मुलांचा फोटो इथंच काढायचा, असंही ठरवून टाकलं.

इतक्यात बाबांनी हाक दिली, "गुरुजी, निघा. पानी बदाललं."

मला काही वेगळं दिसेना. ते काठीनं दाखवू लागले, तेव्हा दिसलं. पांढऱ्या फेसात तांबूस छटा आली होती, आणि पाण्याबरोबर काड्या, हिरवी पानं येऊ लागली होती. आम्ही निमूटपणे उठलो आणि बाजूच्या उंचवट्यावर चढलो. मंडळी, पंधरा-वीस मिनिटांत तो धोंडा दिसेनासा झाला! पहिल्या दोन पायऱ्या एक झाल्या. आमच्या अंगावर मात्र अजून ऊनच होतं.

आम्ही धबधबा पाहत होतो, आणि बाबा धबधब्याच्या वरचं रान पाहत होते, एवढाच काय तो फरक. ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. वर कातळ उघडा आहे, मातीचा थर पातळ आहे. तिथं सर कोसळली की पाणी मुरत नाही. घसरतं, एकत्र येतं आणि थोड्याच वेळात खाली पोचतं. म्हणून खाली कोरडं असताना पूर येऊ शकतो. तळ्याचा काठही असाच फसवा. मुळात ते तळं नव्हे, नदीचं खोरं आहे. काठाशी गुडघाभर पाणी, आणि पुढच्याच पावलाला उतार तुटलेला असतो. गाळात पाय रुततो तो वेगळाच. पट्टीच्या पोहणाऱ्यानंही तिथं उतरू नये.

परतीच्या वाटेवर मी बाबांना म्हणालो, "तुमच्याकडे पाण्याची चंगळ आहे बुवा!" ते हसले. म्हणाले, "गुरुजी, चैतात या. मंग दाखवतो चंगळ."

त्यांचं म्हणणं खरं होतं. घाटघर-रतनवाडीच्या बाजूला पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. खाली राहुरीकडे जेमतेम पाचशे. पण प्रवरेचं साठवलेलं पाणी कालव्यांनी राहुरी-श्रीरामपूरकडचा ऊस भिजवतं, आणि उगमाजवळच्या वाड्यांतल्या बाया उन्हाळ्यात हंडा घेऊन झरा शोधतात. जे पाणी इतक्या घाईनं खाली येतं, ते वर राहणार कसं? ज्या कारणानं त्या दिवशी आमच्यावर पूर येत होता, त्याच कारणानं चैत्रात त्या वाडीची विहीर तळ गाठते. वर झाडोरा टिकवला, उतारावर चर खणले, ओढ्याला छोटे बांध घातले, तर पाणी थोडं थबकतं, मुरतं. धबधब्याचा जोर त्यानं थोडा कमी होईल. विहिरीचं पाणी मात्र चार दिवस जास्त टिकेल.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना अवश्य न्या. पण गावातला जाणता माणूस सोबत घ्या आणि तो निघा म्हणाला की उठा. "पाचच मिनिटं" असं म्हणू नका. माथ्यावर ढग असेल तर प्रवाहात उतरू नका. पाणी गढूळलं, पालापाचोळा येऊ लागला, आवाज वाढला, यांपैकी एकही खूण दिसली की उंचावर चढा, आणि आपलं सामान घेण्यासाठीसुद्धा मागं फिरू नका.

आम्ही त्या वर्षी मुलांना नेलं ते पाऊस ओसरल्यावर, सोनकी फुलली तेव्हा. धबधबा बारीक झाला होता. मुलं थोडी हिरमुसली. मग त्याच बाबांनी त्यांना उंचवट्यावर नेऊन वरचा कातळ, रान आणि ओढ्याची वाट दाखवली. घरी परतताना एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, आपल्या ओढ्याच्या वर काय आहे?"

पुढच्या रविवारी आम्ही ते पाहायला गेलो. तुमच्याही गावाला ओढा असेलच. त्याच्या वरच्या अंगाला एकदा जाऊन या.