बंदूक किती पुसावी?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेलं भाषण, संपादित)

कवी म्हटला की त्यानं पावसावर बोलावं, आईवर बोलावं, फार तर निवडणुकीवर बोलावं. मी आज बंदूक पुसण्यावर बोलणार आहे. विषय सांगितला तेव्हा माझा एक मित्र फोनवर क्षणभर गप्पच झाला. मग म्हणाला, ‘‘तुझं नाव आणि हा विषय, दोन्ही एकदम लोकांच्या कानावर जाणार. बघ बुवा.’’ मी त्याला म्हटलं, अरे, मला रायफल सरकारनंच दिली होती. राष्ट्रीय छात्रसेनेच्या, म्हणजे एनसीसीच्या रजिस्टरात सही करून घेतली होती आणि संध्याकाळी सही करून परत दिली होती.

पण मी पाहिलेली पहिली बंदूक त्याच्याही आधीची. आमच्या कोकणातल्या घरी आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. पिकाच्या राखणीसाठी परवाना असलेली. ती काही रायफल नव्हे. रायफलीच्या नळीला आतून पिळाचे चर असतात, त्यामुळे गोळी फिरत जाते. ठासणीची नळी आतून सपाट. तोंडातून काळी दारू भरायची, ठासायची आणि वर केप बसवायची. भाताला लोंब्या आल्या की रानडुकरं उतरत. आजोबा रात्री एखादा बार काढत. डुक्कर क्वचितच मरे, पळून मात्र जाई.

बार काढून आले की रात्र कितीही झालेली असो, आजोबा चूल पेटवून किटलीभर पाणी उकळत ठेवत. ते नळीत ओतत, काळं पाणी बाहेर काढत, पुन्हा ओतत. मग सळईला फडकं गुंडाळून नळी कोरडी करत आणि सगळ्यात शेवटी तेलाचा हात फिरवत. मी विचारायचो, लोखंडाला पाणी कशाला? गंजेल ना! ते एवढंच म्हणायचे, ‘‘आधी पाणी. तेल नंतर.’’ कारण सांगत नसत. त्यांनाही ते त्यांच्या वडिलांनी सांगितलं नसावं.

कारण मला कळलं 1988 साली. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. एनसीसीचं शिबिर लागलं होतं. आम्हाला .303 ली-एनफिल्ड रायफली होत्या. चार किलोच्या आसपास वजन, खांद्याला धक्का असा बसे की दोन दिवस हात वर होत नसे. ही रायफल तुम्हीही पाहिली आहे. वर्षानुवर्षं पोलीस ठाण्याच्या दारात, बँकेबाहेर पहारेकऱ्याच्या खांद्यावर हीच असे.

शिकवायला सैन्यातले एक हवालदार होते. सैन्यात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. उस्तादांनी पहिला तास नेमबाजीचा घेतला नाही, सफाईचा घेतला. आणि सफाईतही पहिली गोष्ट फडक्याची सांगितली नाही. बोल्ट मागे ओढा, मॅगझिन काढा, डोळ्यांनी बघा, मग बोट घालून बघा. रायफल रिकामी आहे असं कुणी सांगितलं तरी पुन्हा बघा. ‘बंदूक साफ करताना गोळी सुटली’ ही बातमी आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचली आहे. फडकं हातात घेण्याआधी केलेली ही तपासणी म्हणजे सफाईतलं पहिलं काम.

मग साहित्य. दस्त्याच्या मागच्या बाजूला छोटं झाकण असतं. आत तेलाची कुप्पी आणि एका टोकाला पितळी वजन बांधलेली दोरी. इंग्रजीत तिला पुल-थ्रू म्हणतात, उस्ताद फुलथ्रू म्हणत. दोरीच्या फासात कापडाची चिंदी अडकवायची, वजन मागच्या बाजूनं नळीत सोडायचं, तोंडातून बाहेर आलं की एका दमात ओढायचं. पुसायची चिंदी 4 इंच बाय 2 इंच, तेलाची थोडी अरुंद, 4 बाय दीड. आम्ही हसायचो. अर्ध्या इंचानं काय होतं?

आणि ओढायचं ते सरळ. तिरकं ओढलं की दोरी नळीच्या तोंडावर घासते. सुती दोरी लोखंडाला काय करणार, असं वाटतं. पण आडाच्या काठावर राजूचा चर पडतोच ना, तसंच. वर्षानुवर्षं तिरकी ओढलेली दोरी नळीचं तोंड एका बाजूनं झिजवते. गोळीचा नळीशी शेवटचा संबंध तिथं येतो. तिथं कड बिघडली की नेम बिघडतो, मग आतून नळी आरशासारखी असली तरी उपयोग नाही. म्हणजे न पुसल्यानं रायफल खराब होते तशी वेडीवाकडी, उगाच शंभरदा पुसल्यानंही होते.

आता पाण्याचं कारण. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी झाडली की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत बसतं. हे आपल्या मिठाचंच भावंड. मीठ हवेतलं पाणी ओढतं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पावसाळ्यात बरणीतलं मीठ कसं पाझरतं! तसं नळीतलं मीठ पाझरतं आणि खाली लोखंड गंजतं. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. पाणी उकळतं असलं की नळी तापून चटकन कोरडीही होते. काळ्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा. तिची राखही अशीच पाणी धरणारी. उस्ताद हे सांगत होते आणि माझ्यासमोर आजोबांची किटली होती.

एवढं कळूनही मी चूक केलीच. शिबिराच्या शेवटून दुसऱ्या दिवशी आमचा गोळीबार झाला, प्रत्येकी पाच गोळ्या. संध्याकाळी शेकोटीचा कार्यक्रम होता आणि मला माझी कविता म्हणायची होती. वेळ वाचवायला मी दोन चिंद्या एकत्र फासात घातल्या. दोरी अर्ध्यावर अडकली. जोर लावला तर दोरी तुटून हातात आली, चिंद्या नळीतच. मी इकडेतिकडे बघितलं, बोल्ट बसवला, बाहेरून तेलाचा झकास हात मारला आणि रायफल कोतात, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीत, जमा केली. सही केली.

कविता म्हटली. टाळ्या पडल्या. रात्री तंबूत पडलो आणि झोप येईना. सकाळी दुसऱ्या तुकडीचा गोळीबार होता. त्याच रायफली, दुसरी पोरं. नळीत काही अडकलेलं असताना गोळी झाडली तर नळी फुगते, कधी फुटते. आणि झाडणाऱ्याचा गाल दस्त्याला टेकलेला असतो. माझ्या रायफलीमागे उद्या कुणाचा गाल असेल, याची मी यादी करू लागलो. सगळे ओळखीचे चेहरे.

पहाटे अंधारातच उस्तादांच्या तंबूशी गेलो. ते दाढी करत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी तोंड पुसलं, कोत उघडायला लावला, रायफल घेतली, सळई घालून चिंद्या ठोकून बाहेर काढल्या. ओरडले नाहीत. मी धीर करून म्हटलं, ‘‘उस्ताद, मी आलो नसतो तर?’’ ते म्हणाले, ‘‘फायर से पहले हर नली मैं खुद देखता हूँ.’’ मला हायसं वाटलं, थोडा अपमानही. मग म्हणाले, ‘‘रोज़ इसीलिए देखता हूँ कि सब तेरी तरह बताने नहीं आते.’’

शिक्षा अशी झाली की शिबिर संपल्यावर कॉलेजात रोज येऊन त्याच रायफलीतून चिंदी ओढायची आणि त्यांना दाखवायची. तिथं खरं शिक्षण झालं. पहिल्या दिवशी उकळत्या पाण्यानं धुतली, चिंदी पांढरीशुभ्र आली. मी खूश. दुसऱ्या दिवशी ओढली तर तपकिरी डाग. रात्रभरात नळीनं आतलं उरलेलं बाहेर टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी फिका डाग. चौथ्या-पाचव्या दिवशी पांढरी. ‘‘अब छोड़ दे,’’ उस्ताद म्हणाले. ‘‘ज़्यादा मत रगड़.’’

ही झाली एका पोराची हयगय. अशीच हयगय एका बलाढ्य देशानंही केली होती. 1960च्या दशकात अमेरिकेनं व्हिएतनामच्या युद्धात एम-16 ही नवी हलकी रायफल उतरवली. हिला फारशी सफाई लागत नाही, असा समज पसरला. अनेक सैनिकांना सफाईचं साहित्यच मिळालं नाही. त्यातच काडतुसातली दारू बदलली होती आणि गोळी जिथं बसते त्या चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. जंगलातल्या दमट हवेत ते गंजे आणि झाडलेलं काडतूस आतच अडकून बसे. उघडलेल्या रायफलीशेजारी मरून पडलेल्या सोबत्यांबद्दल सैनिकांनी घरी पत्रं लिहिली. 1967 साली अमेरिकी संसदेच्या समितीनं चौकशी केली. मग चेंबरला मुलामा आला, साहित्य आलं आणि 1968 साली विल आयस्नर या नामवंत चित्रकथाकाराकडून सफाईची चित्रमय पुस्तिका काढून घेतली गेली. किटलीभर पाण्याएवढ्या साध्या गोष्टीसाठी आधी माणसं गेली.

आता काडतुसं बदलली आहेत. बहुतेक नव्या टोप्यांत ते मीठ नसतं. ज्या 50 मीटर प्रकारात आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 साली विश्वविजेती झाली आणि स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिसला ऑलिम्पिक कांस्य मिळवलं, त्यातली .22 रायफल तर फार घासून चालत नाही. लख्ख पुसलेल्या नळीतून पहिल्या काही गोळ्या थोड्या भरकटतात. नळी पुन्हा जराशी माखली की नेम स्थिरावतो. तेव्हा किती वेळा पुसावी याचं उत्तर काडतुसावर, हवेवर आणि वापरावर आहे. झाडली की त्याच दिवशी. पावसाळ्यात नुसती ठेवली असली तरी अधूनमधून. झाडण्याआधी आतलं तेल पुसून, नळीतून आरपार उजेड बघून.

आजोबा गेल्यावर त्यांची बंदूक आम्ही पोलिसांत जमा केली. जमा करण्याआधी वडिलांनी पाणी उकळलं. किती तरी वर्षांत बार निघाला नव्हता, गरज नव्हती. तरी मी काही बोललो नाही. नळी धरून उभा राहिलो.

मला कुणी विचारलं, बंदूक किती पुसावी, तर मी उस्तादांचंच सांगेन. आजची चिंदी पांढरी आली म्हणून थांबू नये, उद्याची बघावी. दोन-तीन दिवस सलग पांढरी आली, की हात आवरावा. आणि नळीत काही अडकून राहिलं असेल, तर सकाळ व्हायच्या आत जाऊन सांगावं.