विजेची तार, हवेतली लहर आणि आपले बिल
(शेगाव येथील बैठकीत केलेल्या भाषणावरून)



कापसाच्या भावाच्या बैठकीत हा हवेतल्या लहरींचा विषय कोणी घुसडला, असे मघाशी दोघातिघांनी विचारले. मीच घुसडला. मी शेतकीचा पदवीधर आहे, रेडिओचा इंजिनीयर नाही. पण जी वस्तू सरकार विकते आणि जिचा पैसा शेवटी आपल्या बिलात येऊन बसतो, ती समजून घ्यायला इंजिनीयर असावे लागत नाही.

मोबाईल ज्या लहरींवर चालतो, त्यांचे सरकारने पट्टे पाडले आहेत. शिवाराचे गट नंबर असतात, तसेच. एका गटात दोघांनी पेरले तर दोघांचेही पीक जाते, म्हणून परवाना. या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत असे सुप्रीम कोर्टाने १९९५ साली सांगितले. पुढे परवाने मर्जीने वाटले गेले म्हणून २०१२ साली त्याच कोर्टाने १२२ परवाने रद्द केले. तेव्हापासून लिलावाचा जोर आहे. लिलाव वाईट नाही. पण मालकाने किमान बोलीच अव्वाच्या सव्वा लावली तर काय होते? ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१६ साली विकायला काढला, एकही बोली आली नाही. २०२१ साली पुन्हा तेच. किंमत उतरवली तेव्हा २०२२ साली गिऱ्हाईक मिळाले. आपण भाव नाही म्हणून कापूस घरात भरून ठेवतो, अंगाला खाज सुटली तरी ठेवतो. लहर कोठीत भरून ठेवता येत नाही. न वापरलेले वर्ष वायाच गेले.

आणखी एक गोष्ट. सगळे पट्टे सारखे नाहीत. ७००-९०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीतून आत शिरते. २६ गिगाहर्ट्झची काही शे मीटरमध्ये दमते. एखाद्या बंदराला, कारखान्याला ती पुरते. वीस गावांच्या फीडरला नाही.

आता वीज कंपनीला स्वतःच्या लहरी कशाला हव्यात? मोबाईल कंपनीचे सिम आहेच की. आहे. पण वादळात लाईन गेली की काही तासांत टॉवरची बॅटरीही बसते, आणि नेमक्या त्याच वेळी सबस्टेशनला खबर हवी असते. अमेरिकेत सॅन डिएगोच्या वीज कंपनीने वणव्यांच्या धास्तीने अशी यंत्रणा उभी केली, की खांबावरची तार तुटली तर ती जमिनीला टेकायच्या आत तिच्यातली वीज बंद व्हावी. त्याला सेकंदाच्या आत निरोप पोचवणारे खात्रीचे जाळे लागते.

हे ऐकून मी थांबलो. ज्वारीच्या उभ्या पिकात तार पडली आणि बैल गेला, माणूस गेला, हे इथे कोणाला नवे आहे? पंचनामा होतो, खेटे होतात. तार पडायच्या आत वीज तुटण्याची विद्या जगात आहे, हे मात्र आपल्याला कोणी सांगितले नाही.

पण त्या विद्येमागचा व्यापारही पाहा. तिथल्या एका कंपनीने २०१४ साली स्प्रिंट या टेलिफोन कंपनीकडून ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी सुमारे दहा कोटी डॉलरला घेतल्या. तेव्हा त्या लहरींवर नुसती वॉकीटॉकीसारखी बोलणी चालत. २०२० साली सरकारने नियम बदलला आणि तिथे ब्रॉडबँडला वाट दिली. अ‍ॅन्टेरिक्स हे नाव घेतलेली ती कंपनी वीज कंपन्यांना परवाने विकू लागली. एकट्या सॅन डिएगोचा सौदा २०२१ साली पाच कोटी डॉलरचा झाला. तिने जुने वापरणारे हलवायचा खर्च केला, धोका पत्करला, हे खरे. तिला मी चोर म्हणणार नाही. पण सरकारच्या एका सहीने माळाची बागायत झाली. आणि वीज कंपनी घातलेला पैसा दरातून वसूल करते. तिचे काय जाते?

आपल्याकडे काय आहे? शेगाव स्टेशनावरून मुंबई-हावडा लाईन जाते. रेल्वेला सिग्नल आणि सुरक्षेसाठी ७०० मेगाहर्ट्झमधल्या ५ मेगाहर्ट्झ लहरी केंद्राने जून २०२१ मध्ये लिलावाविना दिल्या, ठरल्या सूत्राने शुल्क लावून. २०२२ साली अदानींच्या कंपनीने २६ गिगाहर्ट्झच्या लहरी २१२ कोटींना घेतल्या, आपल्या उद्योगांच्या खासगी जाळ्यासाठी म्हणून. एप्रिल २०२५ मध्ये त्या एअरटेलला देण्याचा करार झाला. म्हणजे ‘खासगी जाळे’ म्हणून घेतलेली वस्तूही हिंडत हिंडत बाजारात येते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात लिलावाविना लहरी देण्याची यादी आहे. तीत रेल्वे, मेट्रो, बंदरे, खाणी, तेल आहे. शिवाय सुरक्षेच्या ‘अशा इतर कामांचे’ दार उघडे ठेवले आहे. विजेच्या तारेने माणूस मरतो, तर ते सुरक्षेचे काम नाही काय?

तुम्ही म्हणाल, आम्ही कोरडवाहू, त्यात हा खारपाणपट्टा. पंपच नाही तर आमचा संबंध काय? घरात मीटर आहे. जिनिंगवाल्याचे बिल वाढले की तो ते कापसाच्या भावातून कापतो. आणि तारा तर तुमच्याच बांधावरून गेल्या आहेत.

स्मार्ट मीटरच्या केंद्रीय योजनेत शेतीपंपाला मीटर नाही, पण फीडरला आणि डीपीला आहे. म्हणजे कोणत्या डीपीवर किती तास वीज आली, किती दाबाने आली, याची नोंद यंत्रात राहणार. पंपांच्या नावावर वापर जास्त दाखवून गळती झाकतात, ही तक्रार जुनीच आहे. ती खरी की खोटी, हे ही नोंद सांगेल. फक्त ती नोंद आपल्याला दिसली पाहिजे. मला विचाराल तर लहरीच्या किमतीपेक्षा भांडायचा मुद्दा हाच आहे.

तेव्हा वीज नियामक आयोग दराच्या अर्जावर हरकती मागवील, तेव्हा आपली हरकत लेखी गेली पाहिजे. वीज कंपनीला लहरी द्यायच्याच असतील तर रेल्वेसारख्या सूत्राने द्या, लिलावाची बोली आमच्या बिलात घालू नका. त्या लहरी पुढे दुसऱ्याला विकता येणार नाहीत अशी अट घाला. खर्च दरात धरायचा असेल तर तुटलेल्या तारेची वीज तोडण्याचे काम आधी दाखवा, मीटरवाचनाचे नंतर. आणि डीपीची नोंद दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

अर्जाचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. प्रत्येक गावाने डीपीचा नंबर, फीडरचे नाव आणि मागच्या दोन वर्षांत तार तुटून झालेले अपघात, तारखेसह, त्यात भरून पुढच्या बैठकीला आणावेत. पंचनाम्याची नक्कल असेल तर सोबत जोडा, नसेल तर पोलीस पाटलाची सही घ्या. आता कापसाकडे वळू.