राजाचं रेशीम आणि विणकराचा हात

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा म्हणजे गिरणीचं साचेखातं आणि पाळी सुटल्यावर वाचनालय. बोलण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्यावी.

आपल्या वाडवडिलांना मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात घेत नसत, हे आपण जाणताच. सूत तुटलं की विणकर ते तोंडानं ओलं करायचा. अस्पृश्यानं तोंड लावलं तर सूत बाटतं, असं सवर्ण कामगार म्हणत. म्हणून जास्त पगाराचं खातं आपल्याला बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. हे वाचलं तेव्हा मनात आलं, दुसऱ्या मुलखात विणकराची काय गत होती? ते शोधता शोधता मी आठशे-हजार वर्षांपूर्वीच्या रेशमापर्यंत पोचलो. तेच आज सांगतो.

आज ज्याला इस्तंबूल म्हणतात ते तेव्हाचं कॉन्स्टँटिनोपल, बायझंटाईन बादशहाची राजधानी. रेशमाची विद्या मूळची चीनची. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाच्या काळात किड्यांची अंडी तिकडे पोचली. तो मार्ग दाखवणारे साधू हिंदुस्थानाकडून आले होते, असं प्रोकोपियस हा त्या काळचा इतिहासकार लिहितो.

तिथल्या उंची कापडाला सॅमाईट म्हणत. ज्यांनी साचे चालवलेत त्यांना हे लगेच कळेल. त्यात ताणा दोन प्रकारचा. एक ताणा आत दडून रंगीत बाण्याला पुढं-मागं पाठवतो, दुसरा त्या बाण्याला तिरप्या विणीत बांधून धरतो. वर दिसतो तो रंगीत बाणाच. जॅकार्डचं यंत्र १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये निघालं. त्याआधी अशा नक्षीच्या मागावर विणकराच्या जोडीला दोऱ्या ओढणारा दुसरा गडी लागे. एक दोरी चुकली की हत्तीचा पाय मोडलाच!

हत्ती उगीच म्हटला नाही. जर्मनीत आखेन शहराच्या चर्चमध्ये, शार्लमान राजाच्या अस्थींच्या पेटीत मिळालेलं हत्तींच्या नक्षीचं रेशीम आहे, सुमारे हजार वर्षांपूर्वीचं. त्यात ग्रीक अक्षरं विणलेली आहेत. नावं दोन, मिखाएल आणि पीटर. दोघेही अंमलदार! ज्यानं ती अक्षरं विणली, त्याचं नाव मात्र त्यात नाही.

कायदाही बघा. इसवी सन ९१२ च्या सुमारास राजधानीच्या नगरप्रमुखाचं नियमांचं पुस्तक झालं. रेशमाच्या धंद्याच्या पाच वेगवेगळ्या संघटना त्यात सांगितल्या आहेत. उंची जांभळं रेशीम दरबारासाठी राखीव. नियम मोडून जांभळं रंगवणाऱ्याला शिक्षा काय? हात तोडायचा! ९६८ साली ल्युटप्रांड नावाचा बिशप वकील म्हणून तिथं आला होता. त्याच्याजवळची पाच जांभळी वस्त्रं काढून घेतली, एवढंच. बिशपची वस्त्रं गेली, कारागिराचा हात गेला असता.

११४७ साली सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्या आरमारानं ग्रीसमधली थीब्ज आणि कॉरिंथ ही शहरं लुटली. रेशीम नेलंच, विणकर बायामाणसंही लुटीच्या मालासारखी पालेर्मोला नेली. पुढं तह झाला, कैदी सुटले, पण हे विणकर सोडले नाहीत. त्यांची पोरंबाळं सिसिलीत मागावर बसून जरीची वस्त्रं विणताना दिसतात, असं पुढं निकेटास या इतिहासकारानं लिहून ठेवलं.

त्यानंतर वीसएक वर्षांत स्पेनचा ज्यू प्रवासी, तुदेलाचा बेंजामिन, तिकडे फिरला. थीब्जमध्ये त्याला सुमारे २००० ज्यू भेटले. रेशमी आणि जांभळं कापड करण्यात त्यांच्या तोडीचे कारागीर साऱ्या ग्रीसमध्ये नाहीत, असं तो म्हणतो. मग राजधानीत काय दिसलं? ज्यूंची वस्ती शहराबाहेर, पाण्यापलीकडे. त्यांच्यातही रेशमाचे कारागीर होते. चांभारधंद्याचं घाण पाणी त्यांच्या दारात टाकलं जाई, रस्त्यात त्यांना मारहाण होई. आणि ज्यूनं घोड्यावर बसायचं नाही! सवलत एकालाच, बादशहाच्या वैद्याला.

बांधवांनो, हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. वस्ती गावाबाहेर, घोड्यावर बसायची बंदी. ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला पाहिजे का? त्यांच्या हाताचं रेशीम पाहिजे, पण तो माणूस शेजारी नको. आपल्या बापजाद्यांनी कातलेलं सूत चालत होतं, त्यांची थुंकी चालत नव्हती. मुलूख वेगळा, धर्म वेगळा, पण माणसाला बाद करण्याची रीत तीच.

हजार वर्षांनी मिखाएल आणि पीटर उरले, कारण त्यांची नावं विणली गेली. आपली गिरणी बंद झाली, साचे भंगारात गेले. आपल्या आई-आजीनं, बाप-आज्यानं कुठल्या खात्यात किती वर्षं काढली, हे आपण लिहिलं नाही तर दुसरं कोण लिहिणार? विहारात एक वही ठेवू या. प्रत्येक घरानं एक नाव, एक खातं, एक आठवण लिहावी. पहिलं पान मी माझ्या आईचं लिहितो.

एवढं बोलून आपली रजा घेतो. जयभीम! नमो बुद्धाय!