‘कामगार’ कोणाला म्हणावे?



आम्ही इतिहासाचे पंडित नव्हेत. युनियनच्या कचेरीत बसून जे वाचले, तेवढीच आमची विद्या. म्हणून दक्षिण आफ्रिकेची कहाणी आम्ही ‘कामगार’ या एकाच शब्दाच्या आधाराने सांगणार आहोत.

१६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने केपच्या किनाऱ्यावर ठाणे घातले. येत्याजात्या जहाजांना ताजे अन्न मिळावे, एवढाच हेतू. पण मळ्यामागून वसाहत आली, वसाहतीमागून गुलाम आले, पुढे इंग्रजही आले. १८८६ साली विट्वाटर्सरँडला सोने सापडले आणि खाणमालकांना स्वस्त मजूर हवे झाले. आपली जमीन सोडून माणूस खाणीत का उतरेल? ती सोय १९१३ च्या जमीन कायद्याने केली. बहुसंख्य आफ्रिकनांसाठी सुमारे ७ टक्के जमीन राखली. बाकीची विकत घेण्याची त्यांना बंदी झाली. मग भूक हीच मुकादम!

गोऱ्या कामगाराने काय केले? सांगताना आम्हां युनियनवाल्यांची मान खाली जाते. १९२२ साली रँडच्या गोऱ्या खाणकामगारांनी मोठा संप केला. पण कसबाची कामे गोऱ्यांनाच राखून ठेवा, हा त्यांचा आग्रह होता. सरकारने तो संप लष्कराच्या बळावर मोडला. मात्र १९२४ च्या औद्योगिक समेट कायद्याने वाटाघाटीचे दार उघडले, तेव्हा ‘कामगारा’च्या व्याख्येतून पास बाळगणाऱ्या आफ्रिकन पुरुषाला वगळले. सोने काढणारा हा माणूस कायद्याच्या लेखी कामगारच नव्हता! १९४८ साली वर्णभेदी पक्षाचे राज्य आले. पण पाया आधीच घातला गेला होता.

१९४६ साली जे. बी. मार्क्स यांच्या नेतृत्वाखाली सत्तर हजारांवर आफ्रिकन खाणकामगारांनी रोजी दहा शिलिंग मागून संप केला. पोलिसांनी तो आठवड्याच्या आत चिरडला; निदान नऊ कामगार मेले. १९७३ साली डर्बनचे कामगार हजारोंनी कामाबाहेर पडले. पुढे येईल तो पुढारी पकडला जातो, हे ओळखून त्यांनी पुढारीच पुढे केला नाही! अखेर १९७९ साली सरकारला आफ्रिकन युनियनांना मान्यता देणे भाग पडले. १९८५ साली ‘कोसाटू’ हा महासंघ उभा राहिला.

आता तारखा जुळवून पाहा. देशभर सर्वांना मत मिळाले २७ एप्रिल १९९४ रोजी. ‘कामगार’ ही मान्यता त्याआधी पंधरा वर्षे मिळवलेली होती. मंडेला आणि त्यांचे सहकारी यांचा त्याग थोर खराच. पण ज्यांच्याशिवाय खाण आणि गिरणी चालत नाही, ती माणसे संघटित झाली नसती तर राज्यकर्ते बोलणी करायला बसले असते काय?

१९९६ च्या राज्यघटनेने संपाचा हक्क मूलभूत मानला. तरीही १६ ऑगस्ट २०१२ रोजी मारिकाना येथे लोकशाही सरकारच्या पोलिसांनी प्लॅटिनम खाणीचे ३४ संपकरी गोळ्या घालून मारले. मत मिळाले म्हणून भाकरीचा लढा संपत नाही, बंधूंनो.

म्हणून लोकशाहीची पारख करताना मतपेटी पाहाच. पण तिच्या कायद्यात ‘कामगार’ म्हणून कोणाला धरले आणि कोणाला गाळले, तेही पाहा. तोच प्रश्न युनियनने आपल्या सभासदांची वही उघडून स्वतःलाही विचारला पाहिजे.