डेमलो संख्येचे वैभव

नवी दिल्लीतील कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे. हा मार्ग ज्याच्या नावाचा, तो कोपर्निकस उपजीविकेसाठी चर्चचा कारभार पाहत असे. आकाशाचे गणित हा त्याचा व्यासंग होता. शाळामास्तरकीला अशाच व्यासंगाची जोड देणारे एक गणिती महाराष्ट्रात होऊन गेले. ते म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला आणि १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीस अध्यापन केले.

डोंबिवली स्थानकाचे जुने नाव डेमलो. तेथे सुचलेल्या संख्यांना कापरेकरांनी तेच नाव दिले. त्यांपैकी एक भव्य संख्या पाहा : १२३४५६७८९८७६५४३२१. हिचे अंक सतरा. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त जी अठरा स्थाने सांगितली, त्यांतील सतरावे ‘मध्य’ हिने गाठले आहे. ‘परार्ध’ तेवढे राहिले.

ही संख्या म्हणजे नऊ एकांनी बनलेल्या १११११११११ ह्या संख्येचा वर्ग. गुणाकार कागदावर मांडला, तर एकांच्या नऊ ओळी येतात आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. म्हणून उभ्या रकान्यांच्या बेरजा एकापासून नवापर्यंत चढतात व पुन्हा एकावर उतरतात. कोठेही हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा पुढे जातो आणि शिखर मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१.

हे अंकांचे पोरखेळ आहेत, असे म्हणून कापरेकरांना हसणारे लोक होते. त्या आक्षेपात तथ्य अगदीच नाही असे नव्हे. अंकांचा हा चढउतार दशमान लेखनामुळे दिसतो. दुसऱ्या पद्धतीने लिहिल्यास तो दिसणार नाही. परंतु नवलापाशी न थांबता कारण शोधू लागले की त्याच्या आतली रचना उघडी पडते. ह्या संख्येचे मूळ अवयव तीनच : ३, ३७ आणि ३३३६६७. पहिला चार वेळा येतो, इतर दोन प्रत्येकी दोनदा. हे सत्य लेखनपद्धतीवर अवलंबून नाही. शिवाय हिच्या अंकांची बेरीज ८१ होते, आणि ८१ ने हिला निःशेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे म्हटले.

१९४९ साली त्यांनी मद्रासच्या परिषदेत ६१७४ ह्या संख्येचे नवल मांडले. मार्टिन गार्डनरने त्यांच्याविषयी लिहिले आणि जगाचे लक्ष तिकडे गेले, ते १९७५ साली. तोवर ते निवृत्तही झाले होते. पण त्यांचे लेखन लौकिकाची वाट पाहत थांबले नव्हते. पुस्तिका स्वतःच छापून ते आपले शोध वाचकांपर्यंत पोहोचवीत राहिले.

१९८६ साली ते निवर्तले. ज्या साधनांवर त्यांनी आयुष्यभर काम केले, ती कागद, पेन्सिल आणि बेरीज-गुणाकार ही साधने प्रत्येक शाळकरी मुलापाशी आजही आहेत.