भुजमध्ये सगळ्यांत आधी पोहोचला तो शेजारी

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात केलेलं भाषण)



मी वक्ता नाही. बांधकाम खात्यातला साधा डिप्लोमावाला माणूस. कार्यकारिणीने सांगितलं, "तू भुजच्या भूकंपात होतास, त्यावर बोल." म्हणून उभा आहे. शेवटी मंडळाकडे एक मागणीही करणार आहे, तेव्हा खजिनदारांनी उठून जाऊ नये. मागणी पैशाची नाही.

26 जानेवारी 2001, शुक्रवार. मी 23 वर्षांचा होतो. डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलो आणि पहिलंच पोस्टिंग भुजला मिळालं. ऑफिसच्या आवारात झेंडावंदन झालं, पेढे वाटणं चालू होतं. 8 वाजून 46 मिनिटांनी आधी आवाज आला. मला वाटलं, मागच्या रस्त्याने अवजड ट्रकांची रांग चालली आहे. मग जमीनच हलायला लागली. उभं राहता येईना. आम्ही एकमेकांना धरून खाली बसलो. झेंड्याचा खांब वेताच्या छडीसारखा डुलत होता, कंपाउंडची भिंत बघता बघता आडवी झाली. दीड-दोन मिनिटं हे चाललं. दोन मिनिटं म्हणजे किती, ते घरी घड्याळासमोर गप्प बसून बघा.

थांबल्यावर जुन्या शहराकडे पाहिलं, तर शहर दिसेचना. नुसती धूळ वर चढत होती.

आकडे तुम्ही ऐकले असतील. 7.7 तीव्रता, सरकारी नोंदीप्रमाणे 13,805 मृत्यू, दीड लाखाहून जास्त जखमी. भचाऊ जवळपास पूर्ण जमीनदोस्त झालं. अंजारमध्ये शाळकरी मुलांची प्रजासत्ताक दिनाची फेरी अरुंद गल्लीतून चालली होती, दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर आली. आपणही मिरवणुका पोळातून काढतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

माझी भाड्याची खोली कोटाच्या आतल्या एका शेरीत होती. धावत गेलो. शेरीच्या तोंडाशीच दगडांचा ढीग. दगड-मातीत बांधलेली जुनी दुमजली घरं, ती समोरासमोर कोसळली होती. कितीतरी लोक घाबरून बाहेर धावले आणि गल्लीतच भिंतींखाली सापडले. जीव वाचवण्यासाठी धावायलाही मोकळी जागा लागते, ती तिथे नव्हती.

आमच्या समोरच्या घरातल्या म्हातारीला सगळी शेरी बा म्हणायची. त्यांचा मुलगा गावाला गेला होता. बा कुठे असतील, हा प्रश्नच पडला नाही, कारण शेजारच्या मासी ओरडून सांगत होत्या, "ह्या वेळेला बा देवघरापाशी माळ घेऊन बसते. देवघर जिन्याच्या मागे आहे, तिकडून काढा!" आम्ही सात-आठ जण होतो. एका दुकानातली पहार, दोन घमेली, कुठल्याशा ट्रकचा जॅक, एवढंच सामान. बाकी हात. मध्येच एका म्हाताऱ्या गवंड्याने सगळ्यांना गप्प केलं. म्हणाला, "रडणंसुद्धा थांबवा, ऐकू द्या." सगळी शेरी गप्प झाली. जिन्याखालून ठक ठक असा बारीक आवाज आला. बा तांब्या आपटत होत्या. दुपारी बाहेर काढलं. पाय मोडला होता, पण जिवंत होत्या. पहिला प्रश्न विचारला, "दूधवाला येऊन गेला का?"

त्याच दिवशी संध्याकाळी आम्हाला शहराच्या नव्या भागात बोलावलं. तिथे एक फ्लॅटची इमारत खाली बसली होती. खाली पार्किंग, नुसते खांब, वर चार मजले. खांब मोडले आणि वरचे मजले एकावर एक आले. तिथे माणसं भरपूर होती, आमच्यापेक्षा अवजारंही जास्त होती. पण आत कोण आहे, हे सांगणारं कोणी नव्हतं. कोणी म्हणे, दुसऱ्या मजल्यावरचं कुटुंब लग्नाला गेलंय. कोणी म्हणे, नाही, कालच परत आलंय. चौथ्या मजल्यावर भाडेकरू होते, त्यांचं नावही कोणाला ठाऊक नव्हतं. आम्ही रात्रभर एका कोपऱ्यात खणलं. सकाळी कळलं की त्या फ्लॅटमध्ये कोणी राहतच नव्हतं. माणसं होती ती दुसऱ्या टोकाला. त्यातलं कोणी वाचलं नाही.

आता कोणी म्हणेल, म्हणजे जुनी घरं चांगली आणि नवी वाईट. तसं मुळीच नाही. जुन्या शहरात तर फारच माणसं गेली. बांधकाम नीट केलेल्या कित्येक नव्या इमारती उभ्या राहिल्या, आणि बन्नीतले मातीचे गोल भुंगेही बरेचसे टिकले. मी सांगतोय ते घर पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांचं. शहराचं मोठं इस्पितळच कोसळलं होतं, जखमींवर उपचार ज्युबिली मैदानात उघड्यावर चालले होते. फोन बंद, वीज बंद, सुरजबारीच्या पुलाचं नुकसान झालेलं. पुढे लष्कर आलं, परदेशातून कुत्री आणि आवाज टिपणारी यंत्रं घेऊन पथकं आली, आणि त्यांनी खरोखर मोठं काम केलं. पण त्यांना यायला वेळ लागला, तो लागणारच. माझा स्वतःचा खुशालीचा निरोप इथे बडोद्याला आई-बाबांना चौथ्या दिवशी मिळाला, तोही मदत पोहोचवून परत निघालेल्या एका ट्रकवाल्याच्या हाती दिलेल्या चिठ्ठीने. तोपर्यंत ढिगाऱ्यातून जे कोणी निघाले, त्यातले बहुतेक शेजाऱ्यांनी काढलेले होते.

किल्लारीचं तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमाराला. गणपती विसर्जन करून दमलेली गावं झोपली होती. जवळपास आठ हजार माणसं गेली. तिथेही पहिले हात गावकऱ्यांचेच होते.

बडोदा कच्छइतकं धोक्याच्या पट्ट्यात नाही, पण धोक्याबाहेरही नाही. 2001 साली इथेही हादरा बसला, इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. अहमदाबाद तर केंद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, तरी तिथे बहुमजली इमारती पडल्या. आपल्यातले बरेच जण आता वाडे सोडून फ्लॅटमध्ये गेले आहेत. तुमच्या सोसायटीत पार्किंगच्या खांबाला तडा दिसला, कोणी दुकानासाठी खालची भिंत काढली, किंवा गच्चीवर आणखी एक पाण्याची टाकी चढवायची ठरली, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा. प्लॅस्टर करून तडा झाकू नका. याबाबतीत माझा फोन कधीही करा, मी रविवारीसुद्धा येईन.

आणि आता मागणी. आपले कार्यकर्ते दरवर्षी वर्गणीला घरोघर जातात. चौथ्या मजल्यापर्यंत जिने चढतात, बेल वाजवतात, पाणी पितात. महानगरपालिकेपेक्षाही जास्त घरं आपल्या पावतीबुकाला माहीत आहेत. माझं म्हणणं एवढंच, की पावतीबुकाबरोबर एक वही न्या. घरात किती माणसं, अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का, ते कुठल्या खोलीत झोपतात, दिवसा एकटं कोण असतं, बाहेरगावच्या मुलाचा फोन नंबर काय. ज्यांना सांगायचं नसेल त्यांना आग्रह नको. वही दोघा-तिघांच्याच ताब्यात राहू द्या, आणि दर गणपतीला ती नव्याने भरा. मंडळाच्या खोलीत मांडवाच्या सामानाजवळच दोन पहारी, फावडी, घमेली, दोर, एक जॅक आणि चार टॉर्च ठेवा. मांडव घालणाऱ्या पोरांना हे सामान वापरायला शिकवायची गरज नाही, त्यांचा हात त्यात बसलेला आहे.

आपल्यातले कितीतरी आजी-आजोबा आज घरात एकटे आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेत. त्यांच्या शेजारी मासी आहेत का? "देवघर जिन्याच्या मागे आहे" हे सांगणारं कोणी आहे का? भूकंप होईल न होईल. आग लागली, विश्वामित्रीचं पाणी चढलं, तरी ही वही उपयोगी पडेल.

वहीचं पहिलं पान मी आणलं आहे, माझ्या घराची माहिती भरून. ते अध्यक्षांकडे देतो.

गणपती बाप्पा मोरया!