जसे गाडीचे काम, तसा विमा

श्रोतेहो, आजचा विषय तसा रुक्ष वाटेल. विमा म्हटले की पुष्कळांना हप्ता आठवतो, बारीक अक्षरांतला कागद आठवतो आणि माणूस रेडिओ बंद करायला उठतो. पण थोडे थांबा. ज्यांच्या दारात व्हॅन आहे त्यांनी ऐकावेच. पण जे दुसऱ्याच्या व्हॅनमध्ये कधी बसतात, म्हणजे तुम्हीआम्ही सगळेच, त्यांनीही ऐकावे.

आपले चुडावा गाव घ्या. गावाला रेल्वे स्टेशन आहे, एका अंगाला पूर्णा आणि दुसऱ्या अंगाला नांदेड. पण शेतातला माल काही स्टेशनावरून जात नाही. हळद, कापूस, सोयाबीन, भाजीपाला बाजारात जातो तो लहान मालगाडीतून. कुणी तिला पिकअप म्हणतो, कुणी छोटा हत्ती. तीच गाडी सकाळी माल नेते, दुपारी मजूर नेते आणि लग्नसराईत वऱ्हाड नेते. एका गाडीला तीन कामे! विम्याच्या कागदावर मात्र एकच काम लिहिलेले असते. आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे: विमा नुसता गाडीचा नसतो, तो गाडीच्या कामाचा असतो. काम बदलले आणि कागद तोच राहिला, तर ऐनवेळी तो कागद उपयोगी पडत नाही.

आता पायरीपायरीने जाऊ.

पहिली पायरी सक्तीच्या विम्याची. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटारीला विमा हवा, हा कायदा नवा नाही. १९३९ च्या मोटार कायद्यातला सक्तीच्या विम्याचा भाग १ जुलै १९४६ पासून अमलात आला. आज १९८८ चा कायदा लागू आहे. या विम्याला लोक ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. मालक एक, विमा कंपनी दोन आणि ज्याला आपल्या गाडीने इजा झाली तो तिसरा. त्या तिसऱ्याच्या मृत्यूची वा जखमेची भरपाई न्यायाधिकरण ठरवील तेवढी द्यावी लागते, तिला कमाल मर्यादा नाही. त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर मर्यादा साडेसात लाखांची. विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही.

या सक्तीच्या विम्याचा मूळ हप्ता सरकार ठरवते. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी १ जून २०२२ पासून तो १६,०४९ रुपये ठरवण्यात आला. ही रक्कम सर्व कंपन्यांत सारखीच. तेव्हा कुणी म्हणाला, “काका, मी तुम्हाला थर्ड पार्टी निम्म्यात देतो,” तर कागद खरा आहे की नाही ते आधी तपासा. भावात फरक पडतो तो पुढच्या भागात, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या विम्यात.

दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. गाडीत बसते कोण?

४ एप्रिल २०२५ ची गोष्ट तुमच्या स्मरणात असेल. नांदेड तालुक्यातल्या आलेगाव शिवारात मजुरांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात बायांचा अंत झाला. शेतकामाला निघालेल्या बाया होत्या त्या. ते ठिकाण आपल्यापासून लांब नाही. त्या ट्रॅक्टरच्या कागदपत्रांविषयी मला काही म्हणायचे नाही. मी एवढेच विचारतो: आपल्या गावातून रोज सकाळी मजूर भरून गाड्या जातात, त्यातल्या किती मालकांनी आपला कागद या नजरेने वाचला आहे?

कायदा काय म्हणतो ते ऐका. मालवाहू गाडीत मालाबरोबर मालाचा धनी किंवा त्याने पाठवलेला माणूस बसला असेल, तर १९९४ च्या दुरुस्तीपासून त्याला सक्तीच्या विम्याचे संरक्षण आहे. म्हणजे तुमच्या हळदीच्या पोत्यांबरोबर तुम्ही बाजाराला निघालात, तर तुम्ही विम्यात आहात. गाडीमालकाने कामावर ठेवलेले चालक, क्लीनर, हमाल यांच्याविषयीची जबाबदारीही विम्यात येते. पण ती किती आणि किती माणसांची, हे कागदावर पाहावे लागते. थोडा जादा हप्ता भरून ती वाढवता येते.

पण वऱ्हाडी? यात्रेकरू? दुसऱ्याच्या शेतावर निघालेले मजूर? मालवाहू गाडीतले असे प्रवासी सक्तीच्या विम्यात येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘न्यू इंडिया विरुद्ध आशा राणी’ या प्रकरणात स्पष्ट केले आहे. काही खटल्यांत न्यायालय कंपनीला आधी पैसे द्यायला सांगते आणि ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. म्हणजे फिरून बोजा मालकाच्याच घरावर आणि शेतावर. आणि मालकाकडे काही नसेल तर? तर मेलेल्या माणसाच्या लेकरांच्या हातात नुसता निकालाचा कागद राहतो.

म्हणून ज्याला माणसेच न्यायची आहेत, त्याने प्रवासी गाडी म्हणून नोंद करावी, तसा परवाना काढावा आणि तसाच विमा घ्यावा. खर्च वाढतो, हे खरे. पण मालगाडीच्या कागदावर माणसे वाहू नयेत.

इथे मला गुरुजींशी आणि बाईंशी दोन शब्द बोलायचे आहेत. शाळेत मुले घेऊन येणारी व्हॅन आपण रोज फाटकात पाहता. एकदा तिची पाटी पाहा. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खाजगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याने वाहतूक करणारी. पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन मुले नेत असेल, तर तिचा खाजगी विमा त्या कामासाठी दिलेलाच नाही. शालेय वाहतुकीसाठी महाराष्ट्रात २०११ चे स्वतंत्र नियम आहेत. पालकसभेत व्हॅनवाल्याकडून नोंदणी, परवाना आणि विमा हे तीन कागद मागा. किती मुले बसतात ते मोजा आणि कागदावर किती आसने लिहिली आहेत ते पाहा. कुणाला राग आला तरी चालेल.

तिसरी पायरी स्वतःच्या गाडीची. नुसती थर्ड पार्टी असेल तर आपली गाडी जळाली, चोरीला गेली, पुरात वाहिली, तरी एक पैसा मिळत नाही. त्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते. तिच्यात गाडीची ‘घोषित किंमत’ लिहिलेली असते. ती वयाप्रमाणे उतरते. रूढ कोष्टक असे आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. सहा लाखांची गाडी चौथ्या वर्षात चोरीला गेली, तर हिशेब सुमारे तीन लाख साठ हजारांपासून सुरू होतो. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर त्यातून आधी बँक आपले पैसे घेते. हप्ता कमी दिसावा म्हणून ही किंमत मुद्दाम खाली लिहून घेणारे असतात. तसे करू नका. हप्त्यात शेकड्याने वाचवाल आणि भरपाईत हजारोंनी गमवाल.

आणखी चार बारकावे. मालवाहू गाडीच्या साध्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, रंग यांचे किरकोळ नुकसान सहसा धरत नाहीत. त्याची जोड वेगळी घ्यावी लागते. पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करायला गेलात आणि इंजिनात पाणी शिरून ते फुटले, तर तेही साध्या पॉलिसीत येत नाही. सप्टेंबर २०२४ ची अतिवृष्टी परभणी, हिंगोली, नांदेड या जिल्ह्यांनी पाहिली आहे. ओढ्याकाठच्या गावांनी इंजिनाची जोड जरूर विचारात घ्यावी. गाडीतला माल गाडीच्या विम्यात नसतो. त्याचा विमा वेगळा. आणि मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी पंधरा लाखांचे अपघात संरक्षण असते, मात्र त्याच्याकडे चालू परवाना हवा.

परवान्याबद्दल एक चांगली बातमी. हलक्या वाहनाचा परवाना असणाऱ्याला साडेसात हजार किलोंपर्यंतची मालगाडी चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. पण परवानाच नसलेल्या पोराच्या हाती किल्ली देणे हा घात आहे.

जुनी व्हॅन विकत घेतलीत तर चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीला कळवा. मुदत संपण्याआधी नूतनीकरण करा. वर्षभर भरपाई मागितली नसेल तर स्वतःच्या गाडीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. ती चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. ही सूट मालकाची असते, गाडीची नव्हे. मुदत संपून नव्वद दिवस गेले की ती बुडते.

अपघात झालाच तर आधी जखमींना दवाखान्यात न्या. मग पोलिसांना आणि कंपनीला लगेच कळवा. दुरुस्ती मात्र पाहणी झाल्यावरच. कंपनीने दाद दिली नाही तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. महिन्याभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

तेव्हा एजंट घरी आला म्हणजे “कितीत बसतं?” हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी त्याला सांगा, “माझी गाडी अमुक अमुक कामं करते. तिच्यात एवढी माणसं बसतात. ती सगळी या कागदात आहेत का? कुठं लिहिलंय ते बोट ठेवून दाखवा.” कागद इंग्रजीत असेल तर गुरुजींकडे न्या. आणि गुरुजी, आपणही तेवढा अर्धा तास द्या. चालक, मजूर बाया आणि शाळेची पोरे, सगळ्यांचा त्या ओळींशी संबंध आहे.